पान की हात

रविवार, ३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. भावोजींनाही सांग. छोटीला आशीर्वाद, ती आता छोटी राहिली नसणार, पण दुसरं काय म्हणावं ते सुचत नाही.

तुझं पत्र येऊन चार महिने झाले. दोनदा उत्तर लिहायला बसलो आणि राहून गेलं. भावोजींची पाठ कशी आहे? दिवसभर वाकून चष्म्यांचे स्क्रू पिळायचे म्हणजे पाठ कुरकुरणारच. त्यांना म्हणावं, टेबल उंच करून घ्या. बल्बच्या कारखान्यात तुझी पाळी बदलली का? मागच्या पत्रात लिहिलं होतंस की दिवसभर बल्ब कागदात गुंडाळून संध्याकाळी घरी आलं की पेलासुद्धा हळूच खाली ठेवला जातो. ते वाचून हसलो.

मी बरा आहे. खोकला आहे, पण आमच्या धंद्यात खोकल्याला आजार म्हणत नाहीत.

आपल्या सिगारच्या कारखान्यात बदल झाले. मालक गेल्याचं तुला कळवलं होतं. आता त्यांची मुलगी बघते. तू तिला सिगार वळायच्या पाटांच्या मधून पळताना पाहिलंयस, एकदा तुझ्या टोपलीतली पानं सांडली होती तीच. आता चष्मा लावते आणि प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारते. खिडक्या उत्तरेलाच का, पान डाव्या हातानंच का उचलायचं. पैलवान म्हणतो, मालक ओरडायचे ते परवडायचं, ही विचारते. पैलवान अजून दुसऱ्या पाटावरच आहे आणि अजून तितकाच काटकुळा आहे.

मागच्या महिन्यात तिनं मुरण्याची खोली साफ करायला काढली. देवदाराच्या फळ्या उतरवल्या, पुसल्या, पाण्याच्या थाळ्या बदलल्या. सगळ्यात खालच्या फळीच्या मागं कागदात बांधलेल्या बारा जुड्या निघाल्या. अकरा जुड्यांत पंचवीस-पंचवीस सिगार, बाराव्या जुडीत तेवीस. दोरा पिवळा. गाठ तुझी.

कोणत्या जुड्या ते तुझ्या लक्षात आलं असेल. सर्जनसाहेबांनी नाकारलेल्या. मालकांना वळलेलं पान टाकवत नसे, तेव्हा त्यांनीच त्या मागं सारल्या असणार. नऊ वर्षं झाली.

मुलीनं मला न सांगता त्यातला एक चाखायला ठेवला. तिची ही नवी पद्धत आहे. तीन सिगार, नावाची पट्टी नाही, खाली घडी घातलेली चिठ्ठी, चिठ्ठीत कुठून काढला ते लिहिलेलं. सकाळी, रिकाम्या तोंडानं, मधे पाणी आणि पावाचा तुकडा. तिसरा तो होता. तुला सांगायला आनंद वाटतो की तो फार चांगला मुरलाय. इतका चांगला की मला खरं वाटेना. त्या वेळी जे काही राहिलं होतं ते एवढ्या वर्षांनी दुरुस्त केलं, असं म्हणायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या पाटावर सध्या जी बाई होती तिचं मनगट गेलं. ती घरी बसली. मालकांच्या मुलीनं त्यातलाच एक सिगार स्वतःही ओढून पाहिला आणि मला म्हणाली, काका, हा हात कुठे आहे आता? मी सांगितलं. ती म्हणाली, त्यांना बोलवा, पहिला पाट त्यांचा. गिऱ्हाइकाच्या पसंतीचं माप घेऊन करायचं काम पुन्हा सुरू करायचं तिच्या मनात आहे आणि ते पहिल्या पाटाशिवाय होत नाही. तुम्ही भाऊ आहात तर तुम्हीच लिहा, असं तिचं म्हणणं पडलं. म्हणून हे पत्र.

भावोजींशी बोल. इथे चष्मे मोडणारी माणसं कमी नाहीत. महिनाअखेरपर्यंत कळवलंस तर बरं. जुनं सगळं आता मुरलं असं समज.

तुझा
नाकाड्या


रविवार, १७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. घरी सगळे ठीक असतील.

कार्ड मिळालं. एका बाजूला माझा पत्ता, दुसऱ्या बाजूला एक ओळ. आमची घरमालकीण कार्डं वाचूनच वर आणते. म्हणाली, तुमच्या बहिणीनं झाडाबिडाबद्दल काहीतरी विचारलंय. मी हो म्हणालो.

“पान झालं होतं का?”

एवढंच. वर ‘चि. भावास’ नाही, खाली सही नाही. तू रागावलीस की घाईत होतीस ते कळेना. कार्ड टेबलावर उभं करून ठेवलं होतं, मग आडवं ठेवलं.

तू विचारलंस म्हणून त्या वर्षाचं आठवेल तसं लिहितो. यातलं बरंचसं तूच मला शिकवलंस, तरी क्रमानं लिहिलं की मला सोपं जातं.

पान ढिगात घालायचं. ढीग आतून तापू द्यायचा. हात कोपरापर्यंत आत घालून ऊब बघायची, मग ढीग उलटायचा, आतलं बाहेर, बाहेरचं आत, आणि पुन्हा तापू द्यायचा. असं चार वेळा. तेवढ्यात पानातला तो उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा वास निघून जातो. मग चाखणाऱ्यानं दारात उभं राहायचं. पहिल्या पाटावरून सकाळी एकदा विचारायचं, पान झालंय? चाखणाऱ्यानं म्हणायचं, झालंय. मगच कापायची पाती हातात घ्यायची. चौदा वर्षं ते तू विचारत होतीस. जुने चाखणारे उत्तर द्यायचे तेव्हा तर ते रामराम घातल्यासारखंच झालं होतं, कुणी मान वर करून बघायचंही नाही.

त्या वर्षी जुने चाखणारे घरी बसले आणि मालकांनी मला दारात उभं केलं. हंगामभर बघू, मग पक्कं करू, असं म्हणाले होते. हे तुला माहीत आहे. माझं नाव तूच सुचवलंस. लहानपणी माझ्या डोळ्यांना रुमाल बांधून तू नाकाखाली एकेक वस्तू धरायचीस. कांदा, साबण, खोडरबर. कात्री धरलीस तेव्हा मी कात्री म्हणालो आणि तू रुमाल सोडून माझ्याकडे बघत राहिलीस. मालकांना तू ती कात्रीची गोष्ट सांगितली होतीस.

मग सर्जनसाहेब आले. निवृत्त होणार होते, निरोपाच्या जेवणाला प्रत्येक पाहुण्याच्या हातात आपल्या पसंतीचा सिगार द्यायचा होता. तीन तास माझ्यासमोर बसले. सुरुवात सौम्य हवी, मध्यावर जोर हवा, शेवट कडू नको. तुझ्या पाटापाशी उभे राहून त्यांनी वरचं पान गुंडाळताना पाहिलं आणि म्हणाले, बाई, तुम्ही माझ्याकडे असतात तर टाक्यांचे व्रण राहिले नसते. तू वर न बघता म्हणालीस, साहेब, तुमचं गिऱ्हाईक दुखलं की ओरडतं, आमचं नुसतं फाटतं. पाटांचं सगळं दालन हसलं. मालकसुद्धा.

मालकांनी मला विचारलं, तारखेला होईल? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी होईल म्हणालो.

त्या वर्षी हवा कोरडी होती. ढीग लवकर तापला. एकंदर परिस्थिती पाहता तीन वेळा उलटून भागण्यासारखं होतं असं म्हणता येईल.

हे वाक्य मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा ते सरकारी पत्रासारखं झालं. राहू दे.

तीन वेळा उलटलं. चौथी वेळ राहिली. अकरा दिवस कमी पडले.

त्या सकाळचं तुझ्या लक्षात असेल. तू विचारलंस. मी झालंय म्हणालो. तू पहिलं पान उचललंस, पाटावर पसरलंस, पुन्हा उचलून नाकाजवळ नेलंस आणि खाली ठेवलंस. मग दुसऱ्यांदा विचारलंस. दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. बाराही पाट थांबले. मी जे म्हणालो ते मी इथे लिहीत नाही, तुला ते आठवत असेल. लोक हसले. तू पातं उचललंस आणि वळायला लागलीस. तीनशे सिगार, चार दिवसांत, सगळे एका मापाचे.

सिगारांचा तीन आठवडे विसावा झाला आणि सर्जनसाहेब घ्यायला आले. तिथेच एक पेटवला. चौथ्या झुरक्याला खोकले. म्हणाले, दिसायला देखणा आहे, पण घशात काटे टोचतात. उरलेला त्यांनी बशीत दाबला. मालकांनी जुडीतला दुसरा घेतला आणि उभा कापला. म्हणून त्या जुडीत तेवीस. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. त्यांना कापलेलं नीट दिसलं नसणार. ते बोटांवर चालायचे आणि चाखणाऱ्याच्या शब्दावर. त्यांनी मला विचारलं ते तू ऐकलंस, तू शेजारीच होतीस.

“पान की हात?”

कारखान्यात बिघडलेल्या कामाला दोनच कारणं. पान कच्चं, नाहीतर हात घट्ट. वहीत त्यातला एक शब्द लिहायचा आणि पुढे चाखणाऱ्याची सही. हात घट्ट असला की धूर ओढून घ्यावा लागतो, तो तापतो, घशाला लागतो. तेव्हा तसंही होऊ शकतं. मी काय सांगितलं ते तुला माहीत आहे.

तू तेव्हा आपल्या तळव्यांकडे पाहिलंस. दोनदा विचारल्याचं तू मालकांना सांगितलं नाहीस. मी वाट बघत होतो की तू सांगशील.

आता इथलं. मालकांच्या मुलीनं मागच्या आठवड्यात जुनी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. एका बाजूला ती नोंद, दुसऱ्या बाजूला मी गेल्या महिन्यात चिठ्ठी न बघता लिहिलेली. त्यात मी लिहिलं होतं: सुरुवातीला जुन्या कपाटासारखा कोरडा गोडवा, मध्यावर भाजलेलं धान्य, शेवट कडू नाही. धुराची ओढ शेवटपर्यंत एकसारखी. राख दोन बोटं उभी. असा हात आता इथे कुणाचा नाही.

तिनं दोन्ही नोंदींवर बोट ठेवलं.

“काका, घट्ट हात वर्षांनी सैल होतो का?”

तुला माहीत आहे आणि मलाही. पान वर्षांनी बदलतं. कच्चं असलं तरी मुरतं, नऊ वर्षांत उग्रपणा जातो. हात बदलत नाही. घट्ट वळलेला सिगार शंभर वर्षं ठेवला तरी घट्टच. मी तिला म्हणालो, कधी कधी होतो.

ती बरं म्हणाली आणि वही मिटली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर या सगळ्यात आलंच आहे असं समज. महिनाअखेर जवळ आली. येण्याचं काय ते कळव.

तुझा
भाऊ


रविवार, १० मार्च

ताई,

दुसरं कार्ड मिळालं. तेच अक्षर, तोच प्रश्न. घरमालकीण म्हणाली, तुम्ही त्यांना उत्तर पाठवलं नाहीत वाटतं.

तू दुसऱ्यांदा विचारलंस.

नव्हतं झालं.

मला माहीत होतं. नाकाला कळलं नाही असं नाही. त्या पहाटे मी ढिगात हात घातला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड धुतलं, दारात येऊन उभा राहिलो आणि झालंय म्हणालो.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं नाही ते आता लिहितो. तुला आठवतंय, तरी माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याजवळ असावं. तू दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी म्हणालो, “ताई, तू हात चालव. नाकाचं काम नाकावर सोड.”

लोक हसले ते मला आवडलं. कारखान्यात सहा वर्षं मी ताईचा भाऊ होतो. ताईचा भाऊ आलाय का, ताईच्या भावाला विचारा. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या बाजूनं हसले आणि तुझ्यावर हसले. चौथ्यांदा ढीग उलटायचा राहिला ती घाई होती, घाईत माणूस चुकतो, असं मी स्वतःला नऊ वर्षं सांगत आलो. पण ते हसणं घाईतलं नव्हतं. त्याची चव मला अजून सांगता येते.

आणि मालकांनी विचारलं तेव्हा मला जे वाटलं तेही सांगतो. मला वाटलं, हिला एक चूक माफ होईल, ही पहिल्या पाटावरची आहे. मला नाही होणार. हा हिशेब मी मालकांच्या प्रश्नात आणि माझ्या उत्तरात जेवढा वेळ गेला तेवढ्यात केला. म्हणजे फार वेळ लागला नाही. मग हात म्हणालो आणि सही केली.

तुला त्यांनी माफ केलं नाही. तुला पानांच्या शिरा काढायला नवशिक्या मुलींमध्ये बसवलं. चार महिने तू माझ्या समोरून त्या टेबलाकडे जात होतीस. मी दारात उभा असायचो. तू रोज म्हणायचीस, डबा आणलास का रे? मी म्हणायचो, आणलाय. दुसरं काही बोललो नाही. एके दिवशी तू आपलं पातं फडक्यात गुंडाळलंस आणि गेलीस. हंगाम संपल्यावर मला पक्कं केलं.

दोन वर्षांपूर्वी तुझ्याकडे आलो होतो. तू स्वयंपाक करत होतीस आणि टोमॅटो त्या पात्यानं चिरत होतीस. भावोजी कौतुकानं म्हणाले, काय धार आहे बघा, टोमॅटोला नुसतं दाखवलं तरी तो कापला जातो. तू म्हणालीस, कामाला आलं. मी दोनदा वाढून घेतलं. परतीच्या गाडीत उलटी झाली. तुला कळवलं की प्रवास सुखाचा झाला.

आता काय झालं ते.

कार्ड २८ तारखेला, गुरुवारी आलं. शुक्रवारी सकाळी मी मालकांच्या मुलीकडून जुनी वही मागून घेतली आणि दारात उभा राहिलो. पहिला पाट रिकामा आहे, त्यामुळे सध्या पैलवान विचारतो.

“पान झालंय?”

“आजचं झालंय,” मी म्हणालो. “नऊ वर्षांपूर्वीचं झालं नव्हतं.”

त्याला वाटलं माझी तब्येत बिघडली. मग मी सगळं सांगितलं. उभ्यानं, पहिल्यापासून, किती दिवस कमी पडले ते, तुझं दोनदा विचारणं, मालकांना दिलेलं उत्तर. सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. निम्म्या पाटांवर नवे लोक आहेत, त्यांनी तुला पाहिलेलंही नाही. ते एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं होतं, जुन्यांपैकी कुणीतरी शिवी देईल. एकानं खिडकी बंद केली, वाऱ्यानं पानं उडत होती.

मालकांच्या मुलीनं पेन दिलं. मी ‘हात’ खोडलं, ‘पान’ लिहिलं. खाली लिहिलं, चाखणारा खोटं बोलला. सही केली, तारीख घातली. ती शेजारी उभी राहून वाचत होती.

“हे नऊ वर्षांपूर्वीचं,” ती म्हणाली. “पण मी मागच्या महिन्यात विचारलं तेव्हा तुम्ही कधी कधी म्हणालात.”

मी हो म्हणालो.

“ते मला जास्त लागलं, काका.”

मी वही मिटून तिच्या हातात दिली.

दुपारी पैलवान पाण्याच्या माठापाशी आला. तीन पेले प्यायला, मग म्हणाला, “मी हसलो होतो तेव्हा.” मी म्हणालो, हो. तो म्हणाला, सगळ्यांत मोठ्यानं. आणि परत जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत त्यानं एकही सिगार धड वळला नाही, वरचं पान सारखं फाटत होतं.

त्या दिवसापासून मी दारात नाही. तिनं मला जा म्हटलेलं नाही. पान झालं की नाही ते यापुढे कुणी सांगायचं हे मला ठरवू द्या, एवढं म्हणाली. तोवर मी शिरा काढायच्या टेबलावर बसतो, कारण रिकामं बसवत नाही. माझ्या शेजारची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिनं माझं काम पाहून सांगितलं, काका, तुम्ही पान सोलताय की कोंबडी? मी दिवसाला तिच्या निम्मीही पानं करत नाही आणि त्यातली बरीच फाटतात. तू त्या टेबलावर चार महिने बसलीस. तुझं एकही फाटलं नसेल.

मालकांच्या मुलीनं आणखी एक केलं. त्या शनिवारपासून नवा नियम आहे. सकाळी दोनदा विचारायचं. एकदा पान उचलायच्या आधी, एकदा उचलून नाकाजवळ नेल्यावर. दोन्ही वेळा झालंय आलं तरच पाती उचलायची. जुन्यांना जड जातंय. पैलवान पहिल्यांदा विचारतो, मग पान नाकाजवळ नेतो, आणि दुसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज खाली जातो. उत्तर सध्या तीच देते. दुसऱ्या उत्तराआधी ती थांबते. तेवढा वेळ दालनात कुणी हलत नाही. मी मान वर करत नाही.

ती तुला वेगळं पत्र लिहिणार आहे. ते तिचं, त्यात माझा हात नाही. त्या तेवीसमधला एक चाखण्यात गेला, एक तिनं ओढला. उरलेल्या सगळ्या जुड्या तिनं मधल्या फळीवर हलवल्या आहेत, पिवळा दोरा तसाच ठेवून. गाठ सोडायची तर तूच सोडावीस असं ती म्हणते.

तू यावंस असं मी लिहिणार होतो, पण मी तसं म्हणणं बरं दिसत नाही. पहिल्या पत्रात जुनं सगळं मुरलं असं समज म्हणालो होतो. ते मी तुला कोणत्या तोंडानं सांगितलं कळत नाही. तू आलीस तर मी समोर असेन, शिरांच्या टेबलावर, भिंतीकडून दुसरा. नको असेन तर तसं तिला सांग, मी दुसरीकडे काम बघेन. नाक अजून शाबूत आहे, पण ते कुणापुढे ठेवायची लाज वाटते.

भावोजींना हे पत्र वाचायला दे. छोटीलाही, तिला कळण्याइतकी ती मोठी झाली असेल तर. मामा काय करतो असं कुणी विचारलं तर तिनं खरं सांगावं.

पहिल्या पत्राखाली मी नाकाड्या लिहिलं. ते नाव तू ठेवलंस, रुमाल सोडलास त्या दिवशी. ते मी आता स्वतः लिहीत नाही. जागा सोडतो. तुला कधी लिहावंसं वाटलं तर कार्डावर तू लिही. नाही लिहिलंस तरी माझं उत्तर तेच राहील.

पान झालं नव्हतं. हात चांगला होता.

तुझा